लाक्षागृह, शनिवारवाडा आणि आपले माजघर

देवळाच्या सभामंडपात पुराणिक आदिपर्वापर्यंत येऊन पोहोचले, की जतुगृहाच्या प्रसंगाला मागे खांबाला टेकून बसलेली मंडळीही पुढे सरकतात. वारणावत नगरीत पशुपतीची यात्रा; त्या यात्रेच्या निमित्ताने पांडवांची केलेली पाठवणी; आणि त्यांच्यासाठी पुरोचनाने उभारलेले ते चौसोपी घर, ज्याच्या भिंतींत ताग, राळ, लाख, तूप, तेल आणि सुके लाकूड मातीत कालवून लिंपलेले होते. ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि ती दुर्योधनाच्या कपटाची व विदुराच्या चातुर्याची कथा आहे असेच आपल्या मनावर ठसलेले असते. तशी ती आहेच. परंतु आम्हांस अलीकडे ती एका वेगळ्याच कारणाने आठवत राहते. ज्या घराला आग लागण्याचे भय आहे त्या घरात कुटुंबाने राहावे कसे, याचे इतके तपशीलवार वर्णन आपल्या प्राचीन वाङ्मयात दुसरे आमच्या पाहण्यात नाही.

तपशील पाहा. युधिष्ठिर घरात पाऊल टाकतो आणि त्याला तुपाचा व लाखेचा मिसळलेला वास येतो. धोका प्रथम नाकाला कळतो, डोळ्यांना नव्हे. तो भीमाला ते सांगतो, म्हणजे जाणलेली गोष्ट स्वतःपाशी ठेवीत नाही. मग विदुराने पाठविलेला खनक येतो व घराच्या मध्यभागी भुयार खणतो. त्या भुयाराचे तोंड जमिनीच्या पातळीत फळ्यांनी झाकलेले असते, जेणेकरून पुरोचनाला संशय येऊ नये. दिवसा पांडव मृगयेच्या निमित्ताने रानोमाळ हिंडून वाटा पाहून ठेवतात, आणि रात्री सावधपणे भुयारात निजतात. असे एक वर्ष जाते. वास ओळखणे, दुसरी वाट तयार ठेवणे, ती वाट कोठे निघते हे आधी पायाखाली घालणे, आणि रात्र ही खरी जोखमीची वेळ आहे हे जाणून असणे : आजचा अग्निशामक दलाचा अधिकारी घरोघर जाऊन जे सांगेल, त्यात याहून फारशी भर पडणार नाही.

मात्र पुराणिक ज्या ठिकाणी आवाज खाली आणून लगबगीने पुढे जातात, तेथे आम्ही अडखळतो. ज्या रात्री भीमाने आपणहून आग लावली, त्या रात्री कुंतीने अन्नदान केले होते. त्या भोजनाला एक निषाद स्त्री आपल्या पाच मुलांसह आली, खाऊनपिऊन त्याच घरात निजली, आणि सकाळी नगरवासीयांना जे सहा देह मिळाले ते तिचे व तिच्या मुलांचे होते. पांडव जळाले अशी वार्ता हस्तिनापुरास गेली ती त्या देहांवरून. भुयार तर त्या घरात होते. ते जितके कुंतीच्या बिछान्यापासून जवळ होते, तितकेच तिच्याही. फरक इतकाच, की ते आहे हे तिला कोणी सांगितले नव्हते.

घरातील आगीचा इतिहास चाळताना आम्हांस ही निषादी पानोपानी भेटत गेली. आगीपासून घर राखण्याची विद्या आपल्या देशात नवी नाही. ती फार जुनी आणि पुष्कळ अंशी नेमकी आहे. ती घरात कोणाकोणाला ठाऊक होती, हाच प्रश्न प्रत्येक काळात उरतो.

या विद्येचा सर्वांत स्पष्ट लेख कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. हा ग्रंथ शतकानुशतके केवळ नावाने माहीत होता. म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात आलेल्या पोथीवरून पंडित शामशास्त्री यांनी तो १९०९ मध्ये छापून प्रसिद्ध केला, आणि पुढे मुंबई विद्यापीठाने प्रा. र. पं. कंगले यांची चिकित्सक आवृत्ती, भाषांतर व अभ्यास असे तीन भाग १९६०, १९६३ व १९६५ या वर्षी काढले. ग्रंथाच्या काळाविषयी विद्वानांत वाद आहे. त्यात आम्ही शिरत नाही. दुसऱ्या अधिकरणात नगराध्यक्षाची, म्हणजे नागरिकाची कर्तव्ये सांगितली आहेत, तेथे आगीचा बंदोबस्त येतो, आणि तो वाचताना आपण एखाद्या नगरपालिकेचे नियम वाचीत आहोत असे वाटते.

उन्हाळ्यात दिवसाच्या चार भागांपैकी मधल्या दोन भागांत घरात चूल पेटवायची नाही. पेटविल्यास अष्टमांश पण दंड. स्वयंपाक करावयाचाच असेल तर घराबाहेर करावा. प्रत्येक घरी पाण्याचे पाच घट, शिवाय कुंभ, द्रोणी, शिडी, परशू, सूप, अंकुश, कचग्रहणी आणि कातड्याची पखाल असलीच पाहिजे. नसल्यास पाव पण दंड. गवताने व चटयांनी शाकारलेली छपरे काढून टाकावी. लोहारादी विस्तवावर पोट भरणारे लोक एका जागी वसवावे. रात्री घरधन्याने आपल्या घराच्या दाराशीच असावे. रस्त्यांतून, चव्हाट्यांवर, वेशींपाशी आणि राजवाड्यापाशी पाण्याने भरलेल्या घटांच्या हजारोंच्या रांगा मांडून ठेवाव्या.

या साहित्यात पाण्याइतकीच संख्या हत्यारांची आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. कचग्रहणी म्हणजे शब्दशः केस धरण्याचे साधन; येथे केस म्हणजे छपराचे गवत. पेटलेल्या घराच्या शेजारचे छप्पर अंकुशाने व कचग्रहणीने ओढून खाली पाडायचे, परशूने वासे तोडायचे, म्हणजे आगीला पुढे जाण्यास खाद्यच उरत नाही. शिडी छपरावर चढण्यासाठी. आगीला जळण, हवा आणि उष्णता ही तिन्ही लागतात व त्यांतील एक काढून घेतले की ती विझते, असे आज शाळेत शिकवितात. कौटिल्याने ही तिकडी मांडलेली नाही, पण पाच घट पाण्याने पेटलेले घर विझत नसते हे त्याला पक्के ठाऊक होते. म्हणून त्याने जळणावर हात घातला. तटबंदीच्या प्रकरणातही तट लाकडाचा करू नये, कारण लाकडात अग्नी दबा धरून वसत असतो, अशा अर्थाचे त्याचे सांगणे आहे. पाटलिपुत्राचा तट लाकडी होता असे मेगॅस्थिनीसने लिहून ठेवले आहे आणि उत्खननात त्या लाकडी तटाचे अवशेषही मिळाले आहेत. तेव्हा हा इशारा कोरड्या पांडित्यातून आलेला दिसत नाही.

दंडाच्या रकमा तर आणखी बोलक्या आहेत. आग लागलेली पाहून जो घरमालक धावून जाणार नाही त्याला बारा पण दंड, आणि भाडेकरूला सहा. निष्काळजीपणाने आग लावणाऱ्यास चौपन्न पण. जाणूनबुजून लावणाऱ्यास मात्र अग्नीतच देहान्त. शेवटची शिक्षा आजच्या मनाला पटणारी नाही, ती बाजूला ठेवू. पण भाडेकरूलाही दंड आहे, म्हणजेच आग ही ज्याच्या घराला लागली त्याचीच गोष्ट नव्हे, हे तत्त्व त्यात आहे. महाराष्ट्र राज्याने २००६ मध्ये आग प्रतिबंधाचा जो कायदा केला, त्यातही इमारतीतील अग्निसुरक्षेची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आहे आणि साधने चालू स्थितीत असल्याचा दाखला जानेवारी व जुलै असा वर्षातून दोनदा देण्यास सांगितले आहे. शब्द बदलले आहेत, इतकेच.

चौथ्या अधिकरणात कौटिल्य आगीची गणना आठ दैवी संकटांत करतो. पूर, रोगराई, दुष्काळ यांच्या पंक्तीत तिला बसवितो, आणि पर्वदिवशी बली, होम व स्वस्तिवाचन करून अग्नीची पूजा करावी असेही सांगतो. काही सुधारक मंडळींना हे विसंगत वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. ज्या ठिकाणी पूजा सांगितली आहे त्याच ठिकाणी उन्हाळ्यात चूल बाहेर मांडा हेही सांगितले आहे; एकाने दुसऱ्याची जागा घेतलेली नाही. आपल्या घरी होम होतो तेव्हा गुरुजी काय करतात ते आठवावे. स्थंडिल मातीचे, भोवती परिसमूहन, परिस्तरण, मग पर्युक्षण म्हणजे पाण्याचे प्रोक्षण, आणि अग्नीच्या उत्तरेस पाण्याने भरलेले प्रणीतापात्र. या कृतींचा शास्त्रार्थ निराळा आहे आणि तो बाजूस सारून सर्वत्र आरोग्य व सुरक्षा शोधीत बसण्याची अलीकडची हौस आम्हांस नाही. तरीही, आखलेली जागा, झाडलेली भोवतालची जमीन आणि हाताशी पाणी, इतके झाल्यावाचून ज्या धर्मात अग्नी प्रज्वलित करीत नाहीत, त्या धर्माच्या माणसाला सावधपणा हा परका वाटू नये. गोव्याच्या देवळांतही तेच दिसते. सर्वांत अधिक ज्योती जेथे एका वेळी पेटतात ती दीपमाळ सभामंडपाच्या लाकडी तुळयांखाली नसते. मंगेशीची असो वा दुसरी कोठली, ती उघड्या प्रांगणात, दगडाचुन्याची, सर्वांपासून अंतर राखून उभी असते.

आता देवळातून वाड्यात येऊ. पुण्याच्या शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी झाली. वरचे मजले विटांचे का झाले याविषयी एक आख्यायिका आहे, की सगळा वाडा दगडी बांधण्याचा मान फक्त छत्रपतींचा असे साताऱ्याहून सांगण्यात आले. तिचे खरेखोटे कसेही असो, वाड्याचा देह सागवानी लाकडाचा होता. बाहेर भक्कम तट, बुरूज, पाच दरवाजे, आणि दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवर हत्तीच्या मस्तकाला भिडतील असे लोखंडी सुळे. शत्रू बाहेरून येणार हे गृहीत धरून केलेली अशी तयारी क्वचित पाहावयास मिळते. आग आतून आली. पेशवाईच्या अखेरच्या काळातही वाड्यातील निरनिराळ्या भागांना आगी लागल्याच्या नोंदी गॅझेटियरमध्ये आहेत. पण फेब्रुवारी १८२८ मध्ये लागलेली आग सात दिवस धुमसत होती असे सांगतात, आणि ती शांत झाली तेव्हा तट, दरवाजे व जोती तेवढी उरली. दुसरे बाजीराव त्या वेळी दूर बिठूरला होते. आज आपण तेथे जातो तेव्हा हजारी कारंज्याचे अवशेष पाहून हळहळतो. वाड्यात पाणी नव्हते असे नाही.

इंदूरच्या वाचकांना हे नवे नाही. त्यांचा राजवाडा, खाली दगडी आणि वर लाकडी मजल्यांचा, १८०१, १८३४ आणि १९८४ असा तीनदा जळाला. पहिल्या आणि शेवटच्या वेळी माणसांच्या वैराने काडी लावली. पण काडी कोणीही लावो, जळण वाड्याने आपल्याच अंगावर वागविले होते.

मुंबईची गोष्ट थोडी वेगळी. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी किल्ल्यातील बाजारात आग लागली. तटाच्या आत घरे एकमेकांना खेटून, गल्ल्या अरुंद आणि वारा जोराचा. आग आटोक्यात आणण्यासाठी शेजारची घरे तोफांनी पाडावी लागली. कौटिल्याची कचग्रहणी तोफेच्या रूपाने पुन्हा आली म्हणायची! त्यानंतर गव्हर्नर डंकनच्या सरकारने किल्ल्याबाहेर मोकळ्या मैदानाची रुंदी वाढविली, आणि ज्यांची घरे गेली त्यांतील पुष्कळ मंडळी त्या मैदानापलीकडे उत्तरेकडे वसली. आज मुंबईचे जे मोठेपण त्या दाट वस्तीत दिसते, त्याच्या उगमाशी एका आगीची राख आहे. १८८७ मध्ये आग विझविण्याचे काम नगरपालिकेकडे आले. आणि त्या दलाने १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या बोटीवर आपले ६६ जवान गमावले. त्या बोटीत दारूगोळा होता आणि त्याच बोटीत कापसाच्या गासड्याही भरल्या होत्या. स्फोटानंतर पेटता कापूस उडून घराघरांवर पडला. दरवर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्या जवानांच्या स्मरणार्थ.

फेब्रुवारी, फेब्रुवारी, एप्रिल. दोन-चार उदाहरणांवरून सिद्धांत मांडणे धाडसाचे आहे, आणि गोदीतील स्फोटाचे कारण ऋतूत शोधण्यात अर्थ नाही. तथापि लाकूड वाळलेले, विहिरींचे पाणी खाली गेलेले आणि दुपारचा वारा सुटलेला, हा काळ आगीला धार्जिणा असतो. अर्थशास्त्रातील बंधने उन्हाळ्यासाठीच का आहेत हे त्यावरून उमजते.

गोव्यात व दक्षिण कोकणात सामान्यांची घरे पिढ्यान् पिढ्या माडाच्या चुडतांनी वा गवताने शाकारलेली असत. मिरग लागण्यापूर्वी छप्पर शाकारावयाचे, म्हणजे वैशाखात अंगणात सुक्या चुडतांचा ढीग आणि दहा पावलांवर चूल. अशा घरातील बाई आगीच्या बाबतीत किती दक्ष असे, ते ज्यांनी आजीच्या हाताखाली दिवस काढले त्यांना सांगावयास नको. रात्री चुलीतील लाकडे मागे ओढून विझवायची, निखारे राखेखाली पुरायचे, चुलीभोवतीची जमीन सारवायची, मग निजायचे. सकाळी राख उकरली की विस्तव तयार. नसला तर शेजारणीकडून करवंटीत मागून आणायचा. विस्तव राखणे व विस्तव आवरणे ही एकच कला होती. काडेपेटी घरोघर आली आणि विस्तव राखण्याची गरज संपली. त्यासरशी तो आवरण्याची सवयही सैल झाली असे आम्हांस वाटते.

छपराच्या बाबतीत मात्र मोठा पालट एका कारखान्याने केला. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे कौले भाजण्याचा कारखाना काढला, आणि ती मंगळुरी कौले किनाऱ्यावर वर-खाली पसरली. ठिणगी उडून छप्पर पेटण्याचे भय जेथे जेथे कौल चढले तेथे उणावले. वासे-रिपा लाकडीच राहिल्या, माळ्यावर सुके नारळ, सोडणे आणि जुनी पोती पडून राहिली, हे खरे. तरी एका घराची आग सबंध वाड्याला गिळून टाकी ते पुष्कळ कमी झाले. आगीपासून बचावाच्या इतिहासात वीरांची नावे येतात. त्यात एका लाल कौलालाही जागा द्यावी.

यानंतर घरात जे आले ते तेल. लोकांनी त्याला आपापली नावे दिली, कोठे घासलेट, कोठे रॉकेल, पण डबा एकच. १८९२ मध्ये स्वीडनमध्ये लिंडक्विस्ट याने हवेच्या दाबावर चालणारा, काजळी न धरणारा स्टोव्ह तयार केला. पुढे तो आणि त्याच्यासारखे स्टोव्ह आपल्याकडे शहरांतील खोल्याखोल्यांत पोहोचले. धुरापासून सुटका झाली म्हणून बायकांनी त्याला दुवा दिला असेल. पण चूल जमिनीत रुतलेली होती; हा उचलून नेता येत होता, पंप मारून दाब चढत होता, पिनने भोक साफ करावे लागत होते, आणि जळत्या स्टोव्हमध्ये तेल ओतण्याची चूक एकदाच करता येत होती. पायघोळ पदर आणि जमिनीवर ठेवलेला स्टोव्ह यांची गाठ पडून कितीतरी संसार उद्ध्वस्त झाले.

याच ठिकाणी एक गोष्ट बोलली पाहिजे, जी आपल्यासारख्या कुटुंबवत्सल, देवाधर्माचे वाचणाऱ्या मंडळींत बोलण्याचे टाळतात. वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ अशा चार ओळी वर्षानुवर्षे छापून येत असत. त्यांतील काही खरोखरीचे अपघात होते. पण भडका नेमका नव्या सुनेच्याच अंगावर उडतो, सासू-नणंद त्याच स्टोव्हपाशी बसत असूनही त्यांना तो ओळखतो, हे कसे, असा प्रश्न बायकांच्या संघटनांनी रस्त्यावर येऊन विचारीपर्यंत समाजाने तो विचारला नाही. १९८३ मध्ये विवाहितेच्या छळाविरुद्ध, आणि १९८६ मध्ये हुंडाबळीविरुद्ध दंडसंहितेत स्वतंत्र कलमे घालावी लागली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही ती आहेत. विवाहात ज्या अग्नीला साक्षी ठेवून आपण मुलगी घरात आणतो, त्याच्याच नावावर तिचा मृत्यू नोंदवावा लागावा, याहून मोठी अग्नीची विटंबना आम्हांस सुचत नाही. घरातील आगीचा इतिहास लिहावयास घेऊन हे पान वगळणे म्हणजे आदिपर्व सांगताना निषादीला गाळण्यासारखे आहे.

स्टोव्ह आता बहुतेक घरांतून गेला. स्वयंपाकाचा गॅस आला. हा वायू मुळात गंधहीन. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात, आणि अशा रीतीने युधिष्ठिराचे नाक आपल्या कामी येते. हा वायू हवेहून जड आहे. तो जमिनीलगत, ओट्याखाली साचतो. तेव्हा वास आला तर दिव्याची कळ दाबू नये, लावलेला दिवा विझवूही नये, कारण कळ उघडतानाही आणि मिटतानाही ठिणगी उडते. देवापुढची समई किंवा उदबत्ती पेटत असेल तर ती प्रथम शांत करावी, रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्या आणि सर्वांनी बाहेर पडावे. धुराचे वागणे नेमके उलट. तो वर चढतो, आणि श्वास घेण्याजोगी हवा खाली राहते; धुराने भरलेल्या खोलीतून ताठ चालत न जाता रांगत निघावे. आगीत सापडलेली माणसे पुष्कळदा ज्वाळांनी नव्हे, धुराने जातात.

कढईतील तेलाने पेट घेतला तर पाणी ओतण्याची ऊर्मी प्रत्येकास होते, आणि तीच घात करते. पाणी तेलाहून जड, ते तळाशी जाते, तेथील उष्णतेने क्षणात त्याची वाफ होते, ती वाफ सुमारे १७०० पट जागा मागते आणि पेटते तेल छतापर्यंत उडविते. ताट किंवा झाकण बाजूने सरकवून ठेवावे व गॅस बंद करावा. हवा तुटली की ज्वाळा मरते. कढई उचलून मोरीकडे धावू नये. अंगावरील वस्त्र पेटले तर पळू नये, जमिनीवर लोळावे. जवळच्याने घोंगडी टाकावी. धनगरी घोंगडी ही केवळ वारकऱ्याची नव्हे, या कामीही योग्य, कारण लोकर सहसा पेट घेत नाही. नायलॉन-पॉलिस्टरची साडी मात्र वितळून कातडीला चिकटते. म्हणून दिवाळीत पणत्या लावताना सुती नेसावे, हा जुन्या बायकांचा आग्रह नुसता सोवळ्याओवळ्याचा नव्हता. भाजलेल्या जागी साधे वाहते पाणी वीस मिनिटे सोडावे. तूप, हळद, शाई, दंतमंजन यांतले काही लावू नये.

आणि नवरात्र. नऊ दिवस अखंड तेवणारा नंददीप ज्या देवघरात असतो, ते देवघर आता पूर्वीसारखे दगडी कोनाड्याचे राहिलेले नाही. ते सनमायका चिकटविलेल्या प्लायवुडचे असते, वर विजेच्या रंगीत माळा, मागे झिरमिरीत पडदा, शेजारी कापसाच्या वातींची पिशवी व तेलाची प्लॅस्टिकची बाटली. पुरोचनाने याहून वेगळे काय केले होते? दिवा पसरट परातीत, पाण्यात किंवा वाळूत ठेवावा, वर काच असावी, आणि रात्री घरातील कोणीतरी त्या खोलीत निजावे. आमच्या लहानपणी नवरात्रात देवघरात निजण्याची पाळी असे. मुलांना ते भक्तीचे काम वाटे, आणि होतेही.

भुयाराचे तेवढे राहिले. चोरांच्या भयाने आपण खिडक्यांना, सज्जांना, मागल्या दाराला लोखंडी जाळ्या बसविल्या आहेत. शनिवारवाड्याच्या सुळ्यांप्रमाणे त्या बाहेर पाहणाऱ्या आहेत. सदनिकांच्या जिन्यात चपलांची कपाटे, जुन्या सायकली आणि कुंड्या. आग लागलीच तर १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे हे सर्वांना ठाऊक असते. बंब पोहोचेपर्यंतची जी दहा-पंधरा मिनिटे, ती घरच्यांनी स्वतःच्या बळावर काढायची असतात. जाळीतील निदान एक पाखे उघडणारे असावे, त्याची किल्ली आतून हाताशी टांगलेली असावी, आणि ती कोठे आहे हे घरात निजणाऱ्या प्रत्येकाला अंधारात सांगता यावे.

गेल्या घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आम्ही आमच्याच घरी हा प्रयोग केला. दिवे मालवून एकेकाला विचारले, मागल्या जाळीची किल्ली कोठे? वडीलधाऱ्यांनी सांगितली, मुलांनी सांगितली. स्वयंपाकघराशेजारी निजणारी, वर्षभर आमच्याकडे कामाला असलेली बाई गप्प राहिली. तिला कोणी सांगितलेच नव्हते. आम्ही तिचा हात धरून खुंटीपर्यंत नेले. तिने किल्ली काढली, चाचपडत कुलपात घातली. पण ते कितीतरी वर्षांत कोणी उघडले नव्हते आणि पावसाळ्याने गंजून गेले होते. त्यात समईचे तेल सोडून ते सुटेपर्यंत सायंकाळच्या आरतीची वेळ टळून गेली.